तक्रार : आवाज

माळेगावच्या जत्रेत, सरकारी तंबूत,
कॅप्टन मन्मथप्पा बिडवई डॉक्टर
घोड्यांचे दात बघत बसायचे.
मी व्रणोपचारक, म्हणजे पट्ट्या बांधणारा,
आयोडीनची बाटली, दावं
आणि नोंदवही सांभाळणारा.

लढाईवरून येऊन बारा वर्षं झाली होती त्यांना.
खाकी स्वेटर तेवढा उरला होता,
कोपरांवर निराळ्याच लोकरीनं विणून काढलेला.
लाल कंधारी बैलाला सुई टोचताना
त्याच्या कानात ते कायतरी बोलायचे,
आपल्या बोलीत नव्हे.
पलटणीतल्या पंजाबी खेचरवाल्यांची बोली असावी.
बैल ऐकायचा.

त्या साली सटवा बेलदार गाढव घेऊन आला.
पाठीवर दगड वाहून पडलेले दोन गोल चट्टे.
'सायेब, गिऱ्हाईक येतंय, दात बघतंय, पाय बघतंय,
अन् हे असं बोंबलतंय की गिऱ्हाईक पळतंय.
म्हन्तेत, पलटणीत तुमी जनावराचा गळा बंद करायचे.
ह्याचाबी करा. पाच रुपये देतो.'

डॉक्टरांनी हात धुतले.
आत्ताच धुतले होते, तरी धुतले.
मग बोलले. सटव्याशी नाही, माझ्याशीही नाही,
चिमट्यांच्या ट्रेशी बोलावं तसं.

'एकशे बारा खेचरं.
ब्रह्मदेशाच्या जंगलात एक ओरडलं तर सगळी पलटण सापडते,
म्हणून निघायच्या आधी क्लोरोफॉर्म,
दोरखंड, लहानशी कात्री. दिवसाला चौदा.
शुद्धीवर आलं की जनावर एकदा करून बघायचं.
कान मागं, मान लांब, बरगड्या भात्यासारख्या,
आणि तोंडातून नुसता वारा.
मग माझ्याकडं बघायचं.
काही बघायची नाहीत. ती बरी.

'बावन्न नंबर, खुरावर डागलेला.
वायरलेसची पेटी वाहायचं, गूळ मागायचं.
गोळे पडले त्या रात्री मोजदाद केली, एक कमी.
सकाळी बांबूच्या बेटात सापडलं.
रात्रभर जिवंत असणार.
पुढच्या खुरांनी माती उकरून खड्डा केलेला,
आणि तोंड उघडं.
मी झोपलो होतो तिथून वीस पावलं.
मोजली मी.
परत गेलो, परत मोजली.'

सटव्याला किती कळलं, देव जाणे.
डोक्याचा पटका सोडून त्यानं पुन्हा बांधला.
'मंग नगं,' म्हणाला.

आणि तेवढ्यात गाढवानंच सूर धरला,
तंबूच्या मेखा हलतील असा.
पलीकडं उंटांनी माना वळवल्या,
भंडारा उधळणारं एक पोर हात वर धरूनच थांबलं,
कुणीतरी आईवरनं शिवी हासडली.
डॉक्टर खुर्चीतून उठले.
ते संपेपर्यंत बसले नाहीत.
गाढव लवकर संपवत नाही.

'इरबा, लिही.'
मी लिहिलं. मालक : सटवा बेलदार.
जनावर : गाढव, नर, सहा वर्षं.
तक्रार : आवाज.
'उपचार?'
'रकाना मोकळा ठेव.'

तिसऱ्या दिवशी लोह्याच्या परटानं ते घेतलं,
सटव्यानं मागितले त्याहून चार रुपये कमी देऊन.

चैतात नांदेडहून तपासनीस आले,
मोकळ्या रकान्यात लाल शाईनं प्रश्नचिन्ह काढून गेले.
डॉक्टरांनी त्याच्या खाली सही केली, तारीख घातली,
आणि म्हणाले, चल,
मोटारीतनं घटसर्पाची लस उतरून घ्यायचीय,
बर्फ पाणी होत चाललाय.